दावू की नेय? नेपोलियनचा कोणता मार्शल आधी अभ्यासावा

नेपोलियनच्या सव्वीस मार्शलांपैकी, म्हणजे त्याच्या सर्वोच्च सेनानींपैकी, एकाचीच कारकीर्द नीट वाचायची ठरवली, तर बहुतेकांची निवड दोघांवर येऊन अडते: लुई-निकोला दावू आणि मिशेल नेय. दोघेही १८०४ च्या पहिल्या यादीतले मार्शल. दावू बर्गंडीतल्या सरदार घराण्यातला, पॅरिसच्या लष्करी शाळेत शिकलेला. नेय सारलुईच्या पिंपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, साधा घोडेस्वार म्हणून भरती झालेला. नाव नेयचंच मोठं, तरी माझा कौल दावूला आहे.

१४ ऑक्टोबर १८०६ हा एकच दिवस घ्या. प्रशियाविरुद्धच्या येनाच्या लढाईत दाट धुकं होतं. नेय हुकमाची वाट न पाहता थोड्याशा फौजेनिशी पुढे घुसला, वेढ्यात सापडला आणि त्याला सोडवायला नेपोलियनला मदत धाडावी लागली. त्याच सकाळी काही कोस उत्तरेला, आउअरश्टेटजवळ, दावूच्या तिसऱ्या कोअरची (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या तुकडीची) गाठ प्रशियाच्या मुख्य सैन्याशी पडली. त्याच्याकडे सुमारे २७ हजार माणसं, समोर त्याच्या दुपटीहून जास्त. त्याची पहिली डिव्हिजन, ग्युदँची, हासनहाउसेन गावाशी पोहोचली आणि प्रशियाच्या ब्ल्यूखरच्या घोडदळासमोर चौकोन बांधून, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून, उभी राहिली. मग फ्रियाँची डिव्हिजन उजवीकडे आली, मोराँची डावीकडे. प्रत्येक डिव्हिजन जिथे कमी पडत होती तिथेच लागली. दुसरा मार्शल बेर्नादोत जवळच असूनही मदतीला आला नाही. संध्याकाळपर्यंत प्रशियाचा सेनापती, ब्रन्सविकचा ड्यूक, प्राणघातक जखमी आणि त्याचं सैन्य माघारीला. दावूचीही सुमारे सात हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली. हा विजय शौर्याचा होताच, पण त्याआधी तो कवायतीचा, कूचाच्या शिस्तीचा होता. कोअर म्हणजे स्वतःच्या पायावर लढू शकणारं छोटं सैन्य, ही नेपोलियनची कल्पना इथे जितकी उघडी दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच.

स्वतंत्र जबाबदारी आली की नेय मात्र डळमळतो. १८१३ मध्ये डेनेविट्झला त्याचा सपशेल पराभव झाला. वॉटर्लूला त्याने पुरेशा पायदळाविना घोडदळ इंग्रजांच्या चौकोनांवर पुन्हा पुन्हा घातलं. समोर होता वेलिंग्टन, म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली. पोर्तुगालमधल्या बुसाकोलाही नेयने त्याचा मार खाल्ला होता. दावूची त्याच्याशी रणांगणात गाठ कधी पडलीच नाही, ही रुखरुख मला कायम वाटते.

पण नेयला कमी लेखू नका. नोव्हेंबर १८१२ मध्ये, रशियातून माघार घेताना, क्रास्नीला तो पिछाडीसह मुख्य सैन्यापासून तुटला. रशियनांनी शरणागती मागितली, त्याने नाकारली. रात्री नीपर नदीच्या पातळ बर्फावरून त्याने माणसं पलीकडे नेली. तोफा आणि गाड्या मागेच राहिल्या, कित्येक जण बुडाले. ओर्शाला पोहोचले ते हजाराच्या आत. पण पोहोचले ते त्याच्यामुळेच. उपाशी, गोठलेल्या सैनिकांना चालतं ठेवणं दावूच्या कडक शिस्तीला इतकं जमलं असतं असं मला वाटत नाही.

शेवटही दोघांचे वेगळे. दावू १८२३ मध्ये आजारपणाने गेला. नेयला राजद्रोहाच्या आरोपाखाली ७ डिसेंबर १८१५ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच सैनिकांनीच गोळ्या घातल्या. दावूने त्या जुलैत पॅरिस शत्रूच्या हवाली करताना केलेल्या करारातल्या अभयाच्या कलमाचा आधार नेयच्या वकिलांनी घेतला, दावू साक्षीलाही उभा राहिला; उपयोग झाला नाही.

तेव्हा सुरुवात दावूपासून करा, १८०६ चा नकाशा समोर ठेवून. घाईने लढायांची यादी संपवू नका. हासनहाउसेनवर एक अख्खी संध्याकाळ द्या. मग १८०९ ची एकमूलची लढाई, मग १८१२ ची रशियाची मोहीम. तिथे व्याझ्माच्या लढाईनंतर पिछाडीचं काम दावूकडून काढून नेयला दिलं गेलं. त्या जागी दावूला सोडा आणि ओर्शापर्यंत नेयबरोबर चाला.