जहाज की सीगल? आंधळ्या टेम्प्लरांचा आधी कोणता भाग पाहावा

स्पॅनिश दिग्दर्शक आमांदो दे ओसोरियोच्या भयपट-मालिकेचे पहिले दोन भाग पाहून झालेत, आंधळे टेम्प्लर, म्हणजे थडग्यातून उठणारे मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धे, काय प्रकार आहे हे ठाऊक झालंय, आणि आता उरलेल्या दोनांपैकी आधी कोणता लावायचा हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. एक म्हणजे १९७४ सालचा ‘एल बुके माल्दितो’, म्हणजे शापित जहाज. दुसरा १९७५ सालचा ‘ला नोचे दे लास गाबियोतास’, सीगलांची रात्र. दोन्ही मी एकदा नव्हे, दोन-तीनदा पाहिलेत. थोर यातला कुठलाच नाही. हाती पैसा कमी होता आणि तो कमी होता हे पडद्यावर दिसतं. तरी माझा जीव या मालिकेवर आहे.

कल्पना म्हणाल तर जहाजाची सरस आहे. खेळाच्या सामानाचा एक व्यापारी प्रसिद्धीसाठी दोन मॉडेल मुलींना बोटीतून भर समुद्रात सोडतो. धुकं दाटतं, रेडिओ बंद पडतो, आणि धुक्यातून एक जुनंपुराणं जहाज अंगावर येतं. जॅक टेलर, मारिया पेर्शी, बार्बारा रेय अशी त्या काळची ओळखीची मंडळी आहेत. जहाजाच्या पोटात पेट्या आहेत, त्यांची झाकणं करकरत उचलली जातात आणि फटीतून आधी फक्त बोटं दिसतात. नखं नाहीत, नुसती सुकलेली हाडं. टेम्प्लरांचं हे रूप ओसोरियोने स्वतः घडवलेलं, आणि इतक्या जवळून ते फार थोड्या वेळा पाहायला मिळतं.

अडचण जहाजाचीच आहे. बाहेरून दाखवलं की ते खेळण्यातलं आहे हे लगेच कळतं. पहिल्यांदा मी आणि धाकटी बहीण रात्री दिवे मालवून पाहत होतो. धुक्याच्या प्रसंगात तिने माझी बाही घट्ट धरली होती. मग ते जहाज अख्खं दिसलं आणि तिने बाही सोडली. पुढचा तासभर ती पाहत होती, पण घाबरली मात्र नाही. मला ते फार लागलं, कारण आतलं सगळं इतक्या मेहनतीने उभं केलेलं आहे. पैसे कमी म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण पाणी आणि आग यांची छोटी प्रतिकृती करता येत नाही. जहाज हातभर केलं तरी पाण्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, ज्योत ज्योतीएवढीच. म्हणून प्रतिकृती मोठी करावी लागते आणि जलद चित्रण करून हालचाल संथ दाखवावी लागते. ते परवडत नसेल, तर जहाज धुक्यात अर्धंच ठेवता आलं असतं. इथे मात्र ते पुन्हा पुन्हा येतं. दर वेळी आत जमलेली भीती बाहेर येऊन सांडते.

दुसरी एक उणीव मला तितकीच जाणवली: जहाजावर घोडे नाहीत. संथ गतीत दौडणारे, अंगावर फाटकी वस्त्रं टाकलेले घोडे हा या मालिकेचा प्राण. ओसोरियो स्पेनच्या वायव्येकडल्या गालिसियाचा, आणि स्पॅनिश लेखक गुस्ताव्हो आदोल्फो बेकेरची सोरिया या गावच्या डोंगरावरची दंतकथा, मृतात्म्यांच्या रात्री सांगाड्यांच्या घोड्यांवरून निघणारे टेम्प्लर, स्पॅनिश वाचकाच्या मनात आधीपासून असते. घोडे गेले की ती साखळी तुटते.

‘गाबियोतास’मध्ये घोडे परत येतात. गोष्ट साधी आहे. एक तरुण डॉक्टर आणि त्याची बायको समुद्राकाठच्या गावात राहायला येतात. दारं उघडत नाहीत, दुकानात कुणी धड बोलत नाही, जुना डॉक्टर घाईने निघून जातो. रात्री घंटा वाजते आणि काळ्या कपड्यांतल्या बायका एका मुलीला घेऊन किनाऱ्याकडे चालू लागतात. दर सात वर्षांनी सात रात्री, टेम्प्लरांना बळी म्हणून सात मुली. गालिसियात रात्री मेणबत्त्या घेऊन फिरणाऱ्या मृतांच्या मिरवणुकीची, ‘सांता कोम्पान्या’ची, जी आख्यायिका सांगतात, तिची आठवण मला त्या बायकांना पाहून होते. ओसोरियोच्या मनात ती होती का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण चाल तीच वाटते.

दोष इथेही आहेत. मध्यरात्रीचे बरेच प्रसंग भर उन्हात चित्रित करून निळे केलेत. वाळूवर सावल्या धारदार पडलेल्या दिसतात. वेग मंद आहे, घोड्यांची दृश्यं ओळखीची वाटतील. पण हे दोष माझं लक्ष विचलित करत नाहीत. निळसर उजेडात समुद्र खरा आहे, लाटा खऱ्या आहेत, प्रेतावर चढणारे खेकडे खरे आहेत. आणि बायको विचारते ना, की सीगल रात्री का ओरडतात, तिथे माझ्या अंगावर अजून काटा येतो.

संगीत दोन्हींना आंतोन गार्सिया आब्रिलचं. ते मला किनाऱ्यावर जास्त खुलतं, पण हा कानाचा प्रश्न आहे, तुमचं मत वेगळं असू शकतं.

भाषेबद्दल एक सुचवतो. इंग्रजी डबिंग टाळा, स्पॅनिश आवाज आणि उपशीर्षकं घ्या. तेव्हा तिकडे आवाज बहुधा नंतरच भरत, त्यामुळे ओठ स्पॅनिशमध्येही जुळतीलच असं नाही. पण स्वर जुळतात. आणि ‘गाबियोतास’ची प्रत स्वच्छ हवी. मला पहिल्यांदा मिळालेली प्रत इतकी काळी होती की मिरवणुकीतल्या बायका दिसल्याच नाहीत, नुसती घंटा ऐकू आली.

एकाच रात्रीची सवड असेल तर मी ‘गाबियोतास’ लावेन. ज्यांना प्रतिकृती खटकत नाहीत, त्यांना जहाज कदाचित अधिक आवडेल, कारण तिथे गोष्ट पटकन पकड घेते. ते लावलंत तर एक करा: शेवटच्या काही मिनिटांत माणसं किनाऱ्याला लागतात, तिथे उठून जाऊ नका. तिथे खेळणं नाही. खरी वाळू, खरं पाणी, आणि त्या पाण्याकडे थोडा वेळ टक लावून पाहा.