पोडियाट्रिस्टची सेवा: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

पायाचं कुरूप (कॉर्न), मांसात घुसलेलं नख, सकाळी उठल्यावर टेकवत नाही अशी टाच, जाड होऊन पिवळी पडलेली नखं. पोडियाट्रिस्टकडे, म्हणजे पावलांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे, लोक बहुतेक यांतलंच काहीतरी घेऊन येतात आणि तेवढंच बघून मोकळं करावं अशी त्यांची अपेक्षा असते. दवाखाना कसा आहे हे मात्र दुखऱ्या जागेला हात लावण्याआधी काय काय तपासतात त्यावरून कळतं. खुर्चीत बसवल्याबरोबर ब्लेड हातात घेणारी जागा कितीही स्वस्त असली तरी पुढे महागात पडू शकते.

नीट घेतलेली पहिली भेट ४० मिनिटांच्या आत सहसा आटपत नाही. सुरुवात प्रश्नांनी होते: मधुमेह आहे का, किती वर्षं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू किंवा सिगारेट, पायाची जखम कधी चिघळली होती का. मग तुमची रोजची पादत्राणं हातात घेऊन बघतात. टाचेची मागची-बाहेरची कड थोडी झिजणं स्वाभाविक आहे. आतली कड जास्त झिजली असेल तर पाऊल आत कलतंय. पुढचं टोक घासलेलं असेल तर पाऊल पुरेसं उचललं जात नाही, म्हणजे मामला नसेचाही असू शकतो. नंतर उभं करून मागून टाचा बघतात आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगतात. सपाट तळव्याच्या माणसाला एका पायावर टाच उचलता आली नाही, किंवा उचलली तरी ती आतल्या बाजूला वळली नाही, तर कमान धरून ठेवणारा घोट्याजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) कमजोर झाल्याची शंका घ्यावी लागते. इनसोलच्या दुकानात हे कुणी बघत नाही.

त्यानंतर रक्तप्रवाह आणि संवेदना. नाडी दोन ठिकाणी लागते: पावलाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे. ती हाताला लागली नाही तर डॉपलर या ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्राने ऐकतात आणि घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. ०.९ च्या खाली आकडा आला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. यात एक मेख आहे. जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंती कडक होतात, रक्तदाबाच्या पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो, कधी १.३ च्याही वर. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो. 'आकडा नॉर्मल आहे' एवढ्यावर मधुमेही रुग्णाला घरी धाडत असतील तर हे जरूर विचारा.

संवेदनेसाठी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे प्लास्टिकच्या मुठीला लावलेला नायलॉनचा धागा. ही तपासणी दिसते सोपी आणि होते बऱ्याचदा चुकीची. आधी तो धागा हाताला किंवा दंडाला लावून तो कसा लागतो ते दाखवायचं. मग तुमचे डोळे मिटलेले असताना अंगठ्याचा तळ आणि चवड्यावरची पहिल्या व पाचव्या बोटामागची हाडं, अशा तीन जागी तो काटकोनात टेकवून धागा वाकेपर्यंत दाबायचा, एकूण दोनेक सेकंद. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यात एकदा धागा न लावताच. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर त्या जागची संरक्षक संवेदना गेली असं मानतात. धागा घट्ट्यावर टेकवला तर कुणालाच काही लागत नाही. दिवसभर शंभरदा वाकलेला धागा मऊ पडतो, त्याला चोवीस तास विश्रांती द्यावी लागते. जोडीला १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर, कंप जाणवतो का ते बघायला. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात, आणि अख्ख्या सेवेत सर्वांत मोलाची दहा मिनिटं हीच.

आता उपचारांकडे. कुरूप आणि घट्टा काढणं हे रोजचं काम. घट्टा पसरट असतो. कुरुपाला मधे टणक गाभा असतो आणि तो खिळ्यासारखा टोचतो. ब्लेडने थर थर तासून गाभा काढतात. हात सराईत असेल तर भूल लागत नाही, रक्तही येत नाही आणि उठून चाललात की फरक जाणवतो. हा आराम टिकत मात्र नाही. दाब आहे तिथेच राहिला तर चार ते आठ आठवड्यांत कुरूप परत येतं, म्हणून त्याच भेटीत बुटाचा पंजा अरुंद आहे का, बोट वाकडं आहे का हे बघून पॅड किंवा बोटांमधली गादी द्यायला हवी. ते न करता दर महिन्याला बोलावणारा दवाखाना तुमच्या कुरुपावर जगतोय, असं खुशाल समजा.

कुरूप आणि तळपायाची चामखीळ यांत गल्लत फार होते. कुरूप सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. वरचा थर तासल्यावर चामखिळीत काळे ठिपके दिसतात, ती गोठलेल्या केशवाहिन्यांची टोकं, आणि त्वचेच्या रेषा तिला वळसा घालून जातात. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असतं, बऱ्याचदा ४० टक्क्यांपर्यंत. ते कुरूप आणि चांगली कातडी यांत भेद करत नाही. संवेदना किंवा रक्तप्रवाह कमी असलेल्या पायावर ती पट्टी लावायचीच नाही.

नखाचं काम मात्र या शाखेचं खरं बलस्थान. नखाच्या मधे इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की कडा वर येतात, हा समज खोटा आहे; नख मुळाकडून वाढतं, त्याला टोकाच्या खाचेची खबर नसते. पुन्हा पुन्हा रुतणाऱ्या नखावर चांगला उपाय म्हणजे कडेची चिंचोळी पट्टी मुळासकट काढून तिथलं मूळ फिनॉल या जहाल रसायनाने जाळणं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन देतात. सगळ्या प्रक्रियेत दुखतं ते हेच. मग बोटाला रक्त थांबवणारा आवळपट्टा, साधारण दोन-चार मिलिमीटरची पट्टी सरळ मुळापर्यंत कापून उपटून काढणं, आणि कापसाच्या काडीने फिनॉल मुळाशी घासणं, सगळं मिळून साधारण तीन मिनिटं. नंतर जागा धुऊन, आवळपट्टा सोडून, ड्रेसिंग. अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

बिघडतं ते कुठे? आवळपट्टा सैल असला की रक्त झिरपतं, फिनॉल पातळ होतं, मूळ पुरतं मरत नाही आणि काही महिन्यांनी कोपऱ्यात नखाचा काटा उगवतो. दुसरा घोळ घरी होतो. फिनॉलची जखम ही भाजल्याची जखम असते, ती दोन ते सहा आठवडे पिवळसर पाझरते. ते बघून घाबरून प्रतिजैविकं सुरू केली जातात. लाली पुढे सरकत असेल, ठणका वाढत असेल, ताप असेल तर तो जंतुसंसर्ग. नुसता पाझर म्हणजे जखम भरण्याची रीत. हे आधीच लिहून देणारा पोडियाट्रिस्ट मिळाला तर त्याला सोडू नका. पूर्ण नख काढून फिनॉल न लावणाऱ्यांपासून मात्र सावध राहा, कारण नवीन नख बहुधा त्याच वाटेने परत रुततं.

जाड, पिवळ्या नखांच्या बाबतीत एकच आग्रह धरा: औषधाआधी तपासणी. जाड नख म्हणजे बुरशीच असं नाही. बुटाचा मार आणि सोरायसिसही तसंच दिसतात. नखाखालचा भुगा जितका मुळाजवळून घेता येईल तितका घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली आणि कल्चरला (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला) पाठवतात. बुरशी सापडली तर टर्बिनाफिन ही बुरशीविरोधी गोळी, २५० मिलिग्रॅम रोज, पायाच्या नखांना साधारण १२ आठवडे. डॉक्टर सहसा त्याआधी यकृताची रक्तचाचणी करून घेतात. पायाचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतं, त्यामुळे अंगठ्याचं नख स्वच्छ दिसायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तीन महिन्यांत 'फरक नाही' म्हणून गोळीला नावं ठेवू नयेत. नखाच्या लेसरचं पॅकेज घ्यायची मला घाई वाटत नाही, त्यामागचा पुरावा तोकडा आहे.

टाचदुखीत लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ, थोडं चाललं की बरं, संध्याकाळी पुन्हा ठसठस, आणि टाचेच्या आतल्या-पुढच्या कोपऱ्यावर दाबलं की दुखणं, एवढ्यावरून बहुधा प्लांटार फॅसायटिसचं, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याच्या (फॅसियाच्या) दुखण्याचं, निदान होतं. एक्स-रेत हाडाचा काटा दिसला तरी दुखण्याचं कारण तोच असेल असं नाही. काहीही न दुखणाऱ्या कित्येकांना तो असतो. काम करतो तो व्यायाम. पायरीच्या कडेवर उभं राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकं भरलेली पिशवी घ्यायची. पोटरीचे ताण याशिवाय. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं. पहिल्याच भेटीत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर थांबा: वेदना लवकर उतरते, पण फॅसिया तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

इनसोलबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. रंगीत दाबपट (तळव्यावर कुठे किती दाब पडतो त्याचं चित्र) दाखवून महागडी इनसोल विकणं हा या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग. लाल डाग म्हणजे तिथे दाब जास्त, एवढाच त्याचा अर्थ. दुखतंय का आणि कशाने, हे तो सांगत नाही. साध्या टाचदुखीत मापाची इनसोल तयार मिळणाऱ्या इनसोलपेक्षा सरस ठरल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही, तेव्हा आधी तयार जोडी वापरून बघायला हरकत नाही. मापाची इनसोल खरी लागते ती पायाचा आकार बिघडलेला असताना, किंवा संवेदना गेलेल्या पायावरचा दाब वाटून द्यायचा असताना. घेतलीच तर पहिल्या दिवशी तासभर, मग रोज एकेक तास वाढवत नेतात. दोन-तीन आठवड्यांनीही टोचत असेल तर घासून दुरुस्त करणं किमतीत धरलंय का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

मधुमेही पायासाठी हीच सेवा पाय वाचवू शकते. जखमेवरचं मेलेलं कातडं काढणं, तपासणीची सळई हाडापर्यंत पोचते का बघणं, आणि मुख्य म्हणजे जखमेवरचा दाब काढणं, बहुधा गुडघ्यापर्यंतच्या, रुग्णाला स्वतः काढता न येणाऱ्या प्लास्टरने. नुसती मलमपट्टी करून त्याच पायावर चालायला लावलं तर तळव्याची जखम महिनोन्‌महिने रेंगाळते. संवेदना गेलेलं पाऊल अचानक सुजलं, लाल झालं आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. शार्को पाऊल, म्हणजे संवेदना गेलेल्या पावलातली हाडं आणि सांधे ढासळणं, असं सुरू होतं आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो.

काही गोष्टी पोडियाट्रिस्टच्या हद्दीबाहेरच्या. कंबरेतून उतरणारी कळ, एकाच पोटरीची अचानक सूज, विश्रांतीतही दुखणारं गार पाऊल, नखाखालची रुंदावत जाणारी आणि कातडीवर पसरलेली काळी रेघ. यांसाठी पुढे पाठवणारा दवाखाना चांगला समजावा.

शोधताना नावावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट आणि कायरोपोडिस्ट ही दोन्ही नावं कायद्याने राखीव आहेत आणि एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणी संस्थेच्या जाहीर नोंदवहीत कुणाचंही नाव तपासता येतं. अमेरिकेत डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) ही चार वर्षांची स्वतंत्र पदवी, त्यावर साधारण तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, आणि हे डॉक्टर हाडाची शस्त्रक्रियाही करतात. सगळीकडे असं नसतं. जिथे अशी नोंदणी नाही, तिथे हेच काम मधुमेही पायाची क्लिनिकं, पाऊल-घोट्याचे अस्थिशल्यविशारद आणि ऑर्थोटिस्ट (इनसोल, आधारपट्टे बनवणारे तज्ज्ञ) वाटून करतात, आणि पेडिक्युअरचं पार्लरही 'फूट क्लिनिक' अशी पाटी लावू शकतं. फोनवर तीन प्रश्न पुरतात: पदवी आणि नोंदणी क्रमांक काय, पहिल्या भेटीत नाडी आणि संवेदना तपासता का, नखाची शस्त्रक्रिया इथेच होते की बाहेर पाठवता. उत्तराला आढेवेढे घेतले तर पुढचा नंबर लावा.

गेल्यावर हत्यारांकडे बघा. ती सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघायला हवीत आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असायला हवा. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १३४ अंशांना तीन मिनिटं किंवा १२१ अंशांना पंधरा मिनिटं, हे नेहमीचं माप. ब्लेड प्रत्येकाला नवं. द्रवात बुडवून ठेवलेली कात्री दिसली तर उठून या.

जाताना पादत्राणांचे रोजचे आणि जुने असे दोन जोड, औषधांची यादी, मधुमेह असेल तर एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचा) ताजा अहवाल न्या. नेलपॉलिश काढा, आदल्या आठवड्यात नखं कापू नका, घट्टे घासू नका. पुढची भेट किती दिवसांनी, हे मधुमेही रुग्णाच्या धोक्यावर ठरतं. संवेदना आणि नाडी दोन्ही शाबूत असतील तर वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एकच गेलं असेल तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही गेली असतील, किंवा एकाच्या जोडीला पायाचा आकार बिघडला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. संवेदना किंवा नाडी गेलेल्या पायाला आधी जखम होऊन गेली असेल किंवा बोट काढावं लागलं असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी.