लवंग तेलाचा मुंगी-स्प्रे : आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये आमच्या कोथरूडच्या घरात ओट्यावर मुंग्यांची रांग लागली. मुंगी जेमतेम दीड मिलिमीटरची. डोकं काळपट आणि मागचा भाग इतका फिकट, की चष्म्याशिवाय पाहिलं तर नुसते ठिपके चालल्यासारखे वाटावेत. बोटाने चिरडली की कुजक्या खोबऱ्याचा वास. ही भूत मुंगी, शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम, म्हणजे काळ्या डोक्याची. मालातून, कुंड्यांतून जगभर पसरलेली जात.

सासूबाईंचं म्हणणं, मुंग्यांना साखर घालावी, मारू नये. घरात दीड वर्षाची नात रांगते, त्यामुळे खडूच्या रेघा मलाही नको होत्या. म्हणून लवंग आणि गवती चहाच्या तेलाचा एक ‘संपूर्ण नैसर्गिक’ स्प्रे मागवला. बाटलीवर लिहिलं होतं, ‘मुंग्यांचा समूळ नायनाट’. या ‘समूळ’ शब्दाचा मला पुढे फार राग आला.

पहिला आठवडा मी खूश होते. फवारा बसला की मुंग्या जागच्या जागी वळवळून थांबत. लवंग तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, ते कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. शिवाय त्याच्या उग्र वासात मुंग्यांनी वाटेवर सोडलेला स्वतःचा गंध हरवतो आणि मागच्यांना रस्ता सापडत नाही. फक्त घरभर दातांच्या दवाखान्याचा वास. नवरा चहा पिता पिता म्हणाला, “दाढ काढायला आल्यासारखं वाटतंय.”

मग मला शंका आली, की काम तेल करतंय की बाटलीतला साबण? (तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखं काहीतरी घालावंच लागतं.) एका बाजूला नुसतं भांड्याच्या साबणाचं पाणी मारलं, दुसऱ्या बाजूला स्प्रे. अंगावर पडलं तेव्हा दोन्हींनी मुंग्या सारख्याच मेल्या. पण साबणाच्या बाजूला दुसऱ्या सकाळी रांग पुन्हा हजर, लवंगेच्या बाजूला दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्याच. ही तेलं उडून जातात, त्याला इलाज नाही. म्हणजे दर दोन दिवसांनी फवारणी, आणि बाटली महिनाभरही पुरेना.

खरा घोळ एप्रिलमध्ये कळला. ओट्यावरची रांग बंद झाली आणि बाथरूमच्या आरशामागे एक, स्विचबोर्डात एक, देवघराखाली एक अशा तीन सुरू झाल्या. या मुंग्यांच्या वसाहतीत राण्या अनेक असतात. त्रास झाला की काही कामकरी मुंग्या एखादी राणी आणि पिल्लं घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटतात. वासाने हाकलून मी त्यांची वाटणी करून दिली होती! फवारा रांगेवर पडतो, राणी भिंतीच्या आत सुखरूप. बाटलीवर हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

मध्ये संत्र्याच्या सालीचं तेलही वापरून पाहिलं. त्यातलं लिमोनीन मुंग्यांवर चालतं, पण ते थर्माकोलही विरघळवतं. माळ्यावर बंदीच्या आधीचं गणपतीचं मखर होतं. त्याच्या कडेला मी तेलात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मखराला वाटीएवढं भोक. आणि मांजर असेल तर ही सगळी तेलं जपून वापरा. मांजराच्या यकृताला असली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत.

कडुनिंबाचं तेल मात्र उपयोगी पडलं, तेही आडवळणाने. मुंग्यांवर मारलं तर ढिम्म काही नाही. पण बाल्कनीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी दिसणारी कीड) होता आणि त्याच्या गोड चिकट रसासाठी मुंग्या खोडावरून ये-जा करत होत्या, त्याची राखण केल्यासारख्या. १५०० पीपीएम तीव्रतेचं निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा असं चार वेळा मारलं. संध्याकाळी अशासाठी, की त्यातलं अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. ते किड्याची कात टाकणं बिघडवतं, त्यामुळे निकाल लगेच दिसत नाही. तिसऱ्या फवारणीनंतर पानांखालचा कापूस वाळून गळायला लागला आणि खोडावरची वर्दळ थांबली. जूनच्या पावसात मात्र सगळं धुऊन जातं, तेव्हा पुन्हा मारावं लागलं.

घरातल्या मुंग्या अखेर वनस्पतीने गेल्याच नाहीत, हे कबूल करते. औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर आणली, कॅरम बोर्डावर टाकतात तीच. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम पावडर, बाटलीच्या झाकणात कापसावर, नातीचा हात पोचणार नाही अशा जागी. पावडर मुद्दाम इतकी कमी, म्हणजे मुंगी वाटेत मरत नाही, घरी नेऊन राणीला भरवते. पहिले दोन दिवस झाकणाभोवती जत्रा होती, हात शिवशिवत होते, पण लवंगेची बाटली कपाटात कुलूपबंद ठेवली. जवळपास फवारलं तर त्या आमिषाकडे येतच नाहीत. तीन आठवड्यांत रांगा विरळ झाल्या, जुलैअखेर बंद. सासूबाई खूश, कारण मी मुंग्यांना साखर घातली.

स्प्रे पुन्हा घेईन का? छोटी बाटली घेईन. गणपतीत मोदकांचं ताट झाकून ठेवलं आणि टेबलाच्या चारही पायांना तो पुसला, तेव्हा दीड दिवस एक मुंगी वर चढली नाही. तेवढ्यासाठी तो उत्तम.

परवा शेजारच्या काकू आल्या. आमच्या दोघींची एक भिंत सामाईक आहे. “अगं, आमच्याकडे कधी नव्हत्या गं, एप्रिलपासून बारीक मुंग्या सुरू झाल्यात. तुझा तो लवंगेचा स्प्रे देतेस का?” मी गप्प बसले आणि स्प्रेऐवजी त्यांना झाकणभर साखरपाणी दिलं.