संसद टीव्ही : किनाऱ्यावरच्या माणसाने बघावं का?

आधी पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. फुकट आहे. केबलवर आहे, फ्री डिशवर आहे, यूट्यूबवर लाईव्ह येतं, लोकसभेला एक चॅनल आणि राज्यसभेला एक. पूर्वी लोकसभा टीव्ही (२००६ पासून) आणि राज्यसभा टीव्ही (२०११ पासून) अशी दोन वेगळी चॅनलं होती, सप्टेंबर २०२१ मध्ये ती एकत्र करून संसद टीव्ही झालं. मी देवगडचा. आमच्याकडे हे चॅनल पावसात जास्त बघितलं जातं, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून ठेवलेल्या, घराघरात जाळ्यांची दुरुस्ती चालू, आणि नेमकं जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पावसाळी अधिवेशन सुरू होतं. म्हणजे बघायला वेळ आहे आणि कारणही आहे.

कारण काय ते नीट सांगायला हवं, कारण बरेच जण म्हणतात दिल्लीत काय चाललंय त्याच्याशी आपला काय संबंध. संबंध असा की किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचा कायदा राज्याचा, त्याच्या पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. एलईडी लावून मासे ओढण्यावर २०१७ मध्ये बंदी आली ती केंद्राची, आणि ती पाळली जाते की नाही हे विचारायची जागा संसद. बंदरं, जहाजं, बोटींची नोंदणी, डिझेल, निर्यात, वादळाची भरपाई (निसर्ग आणि तौक्ते कुणी विसरलेलं नाही) या सगळ्याचा धागा तिथे जातो. त्यामुळे मी हे चॅनल टाईमपास म्हणून बघत नाही, आमचं काम तिथे अडकलेलं आहे म्हणून बघतो.

आता चांगलं काय. प्रश्नोत्तराचा तास जर चालला तर तो खरंच बघण्यासारखा असतो. लोकसभेत ११ ते १२, राज्यसभेत १२ ते १. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात ज्यांना मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं असतं, आणि खासदार उपप्रश्न विचारू शकतो, तिथे मंत्र्याला तयारी करून यावंच लागतं. शिवाय २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात त्यांची लेखी उत्तरं येतात, ती संसदेच्या वेबसाईटवर मंत्रालयानुसार, खासदाराच्या नावाने शोधता येतात, पीडीएफ डाऊनलोड होते. ही सेवा मला सगळ्यात जास्त आवडते. मत्स्यव्यवसाय मंत्रालय टाकून शोधा, कोणत्या राज्याला कोणत्या योजनेत काय मिळालं ते सरकारच्या सहीचं उत्तर म्हणून हातात येतं, आणि ते घेऊन इथल्या ऑफिसात गेलं की बोलणं वेगळं होतं. सभागृह बंद पडलं तरी लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांनी जरूर वापरा.

पण चॅनलचा मुख्य माल म्हणजे लाईव्ह कामकाज. आणि तिथे जीव तुटतो.

२०२५ चं पावसाळी अधिवेशन घ्या, २१ जुलै ते २१ ऑगस्ट. बिहारच्या मतदार यादीच्या फेरतपासणीवर चर्चा हवी म्हणून विरोधक अडून बसले, सरकार म्हणालं त्यावर चर्चा होणार नाही, आणि महिनाभर तेच. ११ ला सुरू, घोषणा, फलक, तहकूब. दुपारी परत सुरू, घोषणा, तहकूब, थेट उद्या. शेजारचे काका पडवीतून विचारायचे, "काय रे, अजून तहकूबच आसा?" आणि मी हो म्हणायचो. लोकसभेत १२० तास चर्चा व्हायचं ठरलं होतं, झाली ३७ तास, हे शेवटच्या दिवशी खुद्द लोकसभा अध्यक्षांनी सांगितलं. मध्ये ऑपरेशन सिंदूरवर चर्चा झाली ती मात्र तासन् तास झाली, दोन्ही बाजू बोलल्या, आमच्याकडे लोकांनी कामं बाजूला ठेवून ऐकली. म्हणजे चालवता येतं.

आणि त्याच गोंधळात आमच्या समुद्राचे कायदे झाले, हे मला अजून पचत नाही. मर्चंट शिपिंग विधेयक ६ ऑगस्टला लोकसभेत मंजूर, इंडियन पोर्ट्स विधेयक १२ ऑगस्टला, दोन्ही वेळा समोर घोषणा चालू. पहिल्याने १९५८ चा कायदा गेला, दुसऱ्याने १९०८ चा. १९५८ च्या कायद्यात मासेमारी बोटींच्या नोंदणीचा अख्खा भाग होता. १९०८ चा कायदा इंग्रजांच्या काळचा, तो बदलायलाच हवा होता, याबद्दल माझं दुमत नाही. पण शंभर वर्षांहून जुना बंदरांचा कायदा बदलताना जयगडचं, दिघीचं, रेडीचं, विजयदुर्गचं काय होणार, बंदराची हद्द वाढली तर पारंपरिक मच्छीमाराने जाळं कुठे टाकायचं, लहान जेट्टी कुणाच्या ताब्यात, राज्याच्या सागरी मंडळाला काय अधिकार उरणार आणि केंद्राकडे काय जाणार, हे एक एक करून विचारायची तीच वेळ होती. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एक पोटनियम बदलायचा असला तरी सेक्रेटरी मोठ्याने वाचून दाखवतो, कोण तरी उठून हरकत घेतो, तास तास वाद होतो आणि मग हात वर होतात. देशाचा बंदरांचा कायदा होताना एवढंही ऐकू येऊ नये? विरोधकांनी त्या दिवशी जागेवर बसून दुरुस्त्या मांडल्या असत्या तर आमचं काही तरी रेकॉर्डवर आलं असतं. आणि सरकारने बिहारवर एक दिवस दिला असता तर विरोधकांना वेलमध्ये (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) यायचं कारणच राहिलं नसतं. दोघांनी मिळून आमचा दिवस घालवला.

आता कमेंटमध्ये लगेच कोण तरी म्हणणार की तू अमक्या पक्षाचा. म्हणून जुनं पण सांगतो. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम वाटपावर जेपीसी (दोन्ही सभागृहांची संयुक्त चौकशी समिती) हवी म्हणून भाजपने जवळजवळ अख्खं बंद पाडलं, २०१२ चं पावसाळी कोळसा खाणींवरून गेलं, तेव्हा काँग्रेसवाले विरोधकांना लोकशाहीचे धडे देत होते. आज खुर्च्या बदलल्या आणि भाषणंही बदलली, जो बंद पाडत होता तो आता शिस्त शिकवतो. सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेती विधेयकं आवाजी मतदानाने (नुसतं हो-नाही ओरडून) झाली, विरोधक मतविभागणी (एकेकाच्या मताची मोजणी) मागत होते ती दिली गेली नाही, आणि नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारं विधेयक चर्चेशिवाय काही मिनिटांत मंजूर, म्हणजे आणताना ऐकलं नाही आणि मागे घेतानाही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित, आणि ते बाहेर असताना फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं मंजूर. अख्ख्या देशाचा फौजदारी कायदा बदलला आणि समोरची बाकं रिकामी! मार्च २०१८ मध्ये तर मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या आणि वित्त विधेयक गिलोटीन लावून, म्हणजे चर्चेविना एकदम मतदानाला टाकून, मंजूर झालं, लाखो कोटींचा खर्च.

कॅमेऱ्याबद्दल. गोंधळ सुरू झाला की चित्र अध्यक्षांच्या खुर्चीवर जातं आणि तिथेच राहतं. ही पद्धत जुनी आहे, विचार असा की गोंधळाला प्रसिद्धी मिळू नये. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मताने निवडून गेलेला माणूस फलक धरून उभा आहे की बाकावर बसून प्रश्न विचारायची वाट बघतोय, हे मला दिसलं पाहिजे. लपवल्याने गोंधळ थांबला नाही हे एवढ्या वर्षांत सिद्ध झालंय, उलट प्रत्येक जण आपल्या बाजूचा मोबाईल व्हिडिओ फिरवतो आणि आम्ही गावात अर्ध्या अर्ध्या क्लिपवरून भांडतो. भाषेचंही एक सांगायचंय. सभागृहात खासदारांसाठी मराठीतून दुभाष्याची सोय आहे, तोच आवाज केबलवर आणि फ्री डिशवर सरळ रिमोटने निवडता यायला हवा. आमच्याकडच्या बायका मासळी बाजार सांभाळतात, बँक सांभाळतात, त्यांना बंदराच्या कायद्यावरची चर्चा मराठीत ऐकायची असेल तर ती मिळाली पाहिजे.

आपल्याकडचे जुने लोक संसदेचं नाव निघालं की बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव काढतात आणि ते उगाच नाही. वेंगुर्ल्याचा माणूस, १९५७ पासून १९७० मध्ये लोकसभा विसर्जित होईपर्यंत राजापूरचा खासदार, पक्ष प्रजा समाजवादी, म्हणजे विरोधी बाकावरचा आणि संख्येने लहान पक्ष. १९६७ मध्ये त्यांनी घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराबद्दल खासगी विधेयक आणलं आणि ते विरोधी पक्षाच्या खासदाराचं असूनही संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर देशभर वाद झाला. त्यांच्यानंतर मधू दंडवते १९९१ पर्यंत तिथूनच. रेल्वेमंत्री असताना सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर फोम आणला तो त्यांनी. ही माणसं सरकारवर तुटून पडायची, पण बोलून. आज विरोधी खासदाराचं विधेयक सोडा, सरकारी विधेयकंसुद्धा समितीकडे फारशी जात नाहीत, १५ व्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के गेली होती, १७ व्या लोकसभेत (२०१९-२४) १६ टक्के. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसायची, १७ वी ५५ दिवस. १७ व्या लोकसभेला अख्ख्या पाच वर्षांत उपाध्यक्षच निवडला नाही, घटनेत तरतूद असून.

माझ्या मते यात खासदाराच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचा दोष जास्त आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे कोकणातला खासदार, कुठल्याही पक्षाचा असो, बंदराच्या विधेयकावर स्वतःच्या किनाऱ्याचं ऐकून मत देऊच शकत नाही. पक्ष फोडायला बंदी हवी, पण ती सरकार पडेल अशा मतदानापुरती ठेवा, बाकी विधेयकांवर माणसाला मोकळं सोडा. आणि रोजचा अजेंडा सरकारच्या हातात, विरोधकांच्या हक्काचा दिवस नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक सत्रात २० दिवस विरोधक ठरवतील त्या विषयाला असतात. आपण त्यांची बाकी पद्धत घेतली, ही का नाही घेतली? असे दिवस असते तर मणिपूर, बिहार, पेगासस (फोनवरच्या पाळतीचा वाद) सगळं त्या दिवशी झालं असतं आणि आमचं बंदर आमच्या दिवशी.

स्टार. वेबसाईटवरच्या प्रश्नोत्तरांना आणि जुन्या रेकॉर्डिंगला ५ पैकी ४. लाईव्ह कामकाजाला १, आणि तो एक प्रश्नोत्तराचा तास चालतो त्या दिवसांसाठी.

येत्या अधिवेशनाच्या आधी आम्ही आमच्या खासदारांना सोसायटीतर्फे पत्र देतोय. मागणी एकच ठेवलीय. समुद्र, बंदर किंवा मासेमारीचं विधेयक आलं की आवाजी मतदान झाल्यावर जागेवर उभं राहून मतविभागणी मागा, तो अधिकार प्रत्येक खासदाराला आहे, म्हणजे कुणी हो म्हटलं आणि कुणी नाही हे नावानिशी रेकॉर्डवर येईल. तुमचं मत पक्षाप्रमाणे द्या, पण ते दिसू दे. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याच्या सोसायट्यांनी हेच पत्र आपापल्या खासदारांना दिलं तर बरं होईल, मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.