केळीचा अख्खा हंगाम पोस्टग्रेस्टवर: वापरानंतरचा अनुभव

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही जळगावातून एक ॲप चालवतो. कोणाच्या बागेतून किती माल कापला, काय भाव लागला, गाडी कुठे गेली, एवढ्याच नोंदी. पण प्रत्येकाला त्या वेगळ्या गाळून हव्या असतात: कोणाला तालुक्यावरून, कोणाला तारखेवरून, कोणाला फक्त कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी. पूर्वी नवी मागणी आली की नवा कोड लिहायचा. पोस्टग्रेस्ट हे सॉफ्टवेअर पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलांवरून एपीआय, म्हणजे ॲपला डेटा मागायचा रस्ता, स्वतःच उभं करतं. युआरएलमध्ये कॉलमचं नाव, बरोबरचं चिन्ह, 'जीटीई' (इतकं किंवा जास्त), टिंब आणि १५०० लिहिलं, की दीड हजार आणि त्यावरच्या भावाच्या नोंदी हजर.

मला सगळ्यात पटला तो याचा कडकपणा. नसलेल्या कॉलमचं नाव दिलं तर सरळ ४०० चा एरर, म्हणजे 'मागणीच चुकीची'. आमची आधीची लायब्ररी अनोळखी पॅरामीटर गुपचूप सोडून द्यायची आणि सगळी यादी पाठवायची. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर चुकलं, की मागितला यावल तालुका आणि आला अख्खा जिल्हा! भाव ठरवताना असा आकडा समोर येणं घातक आहे.

डोकं खाल्लं ते 'बऱ्हाणपूर'ने. तिथल्या भावाकडे रावेरवाल्यांचं रोज लक्ष असतं आणि नेमक्या त्याच फिल्टरमध्ये काही नोंदी गायब. 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, डेटाबेसच्या लेखी वेगळे. दोष पोस्टग्रेस्टचा नाही. पोस्टग्रेएसक्यूएल १३ पासून अशी रूपं एकसारखी करणारं 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे. ते नोंद साठवतानाच आपोआप चालणाऱ्या ट्रिगरमध्ये लावलं आणि ॲपमधून जाणारा शब्दही त्याच रूपात पाठवला, तेव्हा कुठे नोंदी जुळल्या. मराठी नावांवर फिल्टर देणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करावं.

देवनागरी युआरएलमध्ये फुगतेही फार. 'रावेर' एन्कोड झाला, म्हणजे युआरएलला चालणाऱ्या टक्केचिन्हांच्या रूपात बदलला, की ४५ अक्षरं होतात. गावांची लांब यादी पाठवायची असेल तर गावांना कोड द्या.

इंडेक्सचं, म्हणजे नोंदी पटकन शोधायच्या सूचीचं, मात्र तुम्हालाच बघावं लागतं. तारखेवर इंडेक्स नसेल तर हे निमूटपणे पूर्ण टेबल चाळत बसतं. एकूण नोंदींची नेमकी मोजणी मोठ्या टेबलावर महाग पडते, अंदाजे मोजणीचा पर्याय आहे तो घ्या. आणि मूळ टेबल उघडं ठेवू नका. आम्ही फक्त व्ह्यू, म्हणजे टेबलातला निवडक भाग, दाखवतो, एका वेळी किती ओळी जाव्यात याची कमाल मर्यादाही सेटिंगमध्ये घातली आहे. एसक्यूएलवर हात बसलेला असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर आधी परवानग्या आणि इंडेक्स नीट शिका, मगच व्यापाऱ्यांचा डेटा यावर टाका.