कर्दळीचा वाफा: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची आठ सदनिकांची इमारत आहे. आंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी आवारातच शुद्ध करून बागेला देता यावे, म्हणून आम्ही एका स्थानिक व्यावसायिकाकडून कर्दळीचा वाफा बांधून घेतला. त्याला आता दोन पावसाळे झाले.

पाणी आधी गाळाच्या टाकीत थांबते आणि तेथून उताराने, खडीने भरलेल्या सुमारे दोन फूट खोल वाफ्यात शिरते. ते खडीच्या पृष्ठभागाखालून, खडीमधूनच वाहत असल्यामुळे डासांना उघडे पाणी मिळत नाही. खडीवर व मुळांवर वाढणारे जिवाणू पाण्यातील मळ खातात, कर्दळ आणि वाळा त्यातील नत्र व स्फुरद शोषून घेतात, आणि आवाराला उतार असल्यामुळे पंपाचीही गरज पडत नाही. नाल्यावाटे रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहोचले की जलपर्णी माजवणारे हेच घटक येथे कर्दळीची पाने होतात. छाटलेली पाने खतखड्ड्यात कुजतात आणि ते खत नारळ-चिकूच्या बुंध्याशी जाते. मला या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. उन्हाळ्यात बागेसाठी टँकर मागवणे थांबले, हा लाभ तर सर्वच सभासदांना दिसला.

तक्रार मात्र गंभीर आहे. गच्चीवरील पावसाचे पाणी वाफ्याकडे येणाऱ्या नळीलाच जोडलेले आहे का, हे बांधणाऱ्याने विचारलेच नाही. पहिल्या जुलैत संततधार लागली तेव्हा वाफा तुंबला, पाणी खडीच्या वर आले आणि तळमजल्यावरील कुटुंबांना आठवडाभर दुर्गंधी सोसावी लागली. दुरुस्तीचे वेगळे पैसे आकारले गेले, ते मला अन्यायकारक वाटते. आता गच्चीचे पाणी स्वतंत्र नळीने बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडले आहे, त्यामुळे दुसरा पावसाळा निर्वेध गेला.

माणशी साधारण एक चौरस मीटर मोकळी जागा असेल, तर ही सेवा जरूर घ्यावी. शौचालयाचे पाणी मात्र यात सोडू नये आणि वाफ्यातून आलेले पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. गाळाची टाकी कोण आणि किती दिवसांनी उपसणार, हे करारात लिहून घ्यावे. आमच्या करारात ते नव्हते, म्हणून ते काम सध्या आम्ही सभासद पाळीपाळीने करतो.