ड्युअल-कॉम्ब गॅस सेन्सर, नऊ महिन्यांनंतर: भांडण एका खिडकीवरून

माझा ड्युअल-कॉम्ब सेन्सर दोन लेसरांनी वायू मोजतो; प्रत्येक लेसर एकच रंग नव्हे, तर कंगव्याच्या दातांसारखे समान अंतरावरचे अनेक रंग सोडतो, तोच 'कॉम्ब'. परवा सर्व्हिस करून आलेल्या या सेन्सरने दुसऱ्याच दिवशी मान टाकली. मिथेनचा आकडा सैरभैर. कंपनीकडून फोनवर उत्तर मिळालं, 'लेसर गेला, मॉड्यूल बदला.' मी साफ नकार दिला. जो भाग सर्वांत महाग, तोच न तपासता बदलायचा?

बीट सिग्नल, म्हणजे दातांच्या वारंवारतांमधल्या फरकातून उमटणारा सिग्नल, स्क्रीनवर लावून पाहिला. एरवी सुईसारखा बारीक दिसणारा, तो ढिगासारखा पसरलेला. पॉवर मात्र तेवढीच. म्हणजे लेसर जिवंत होता, कॉम्ब विस्कटला होता. यातल्या क्वांटम कॅस्केड लेसरमध्ये (अवरक्त प्रकाश देणारी अर्धवाहक चिप) कॉम्बचे दात चिपच्या आतच, चार लहरींच्या मिश्रणाने, एकमेकांशी बांधलेले असतात. थोडा प्रकाश उलटा आत शिरला की ती बांधणी सुटते. गॅस सेल, म्हणजे मोजायचा वायू ज्यात असतो आणि ज्यातून किरण जातो तो कप्पा, उघडली, तर जुनी तिरकस कापाची खिडकी जाऊन तिथे झिंक सेलेनाइडची सपाट, कोटिंग नसलेली खिडकी बसलेली, तीही किरणाला अगदी काटकोनात! अपवर्तनांक २.४, म्हणजे एकेका पृष्ठभागावरून सुमारे १७ टक्के प्रकाश परत. सेलच्या एका पायाखाली पातळ पत्रा सरकवून खिडकी किंचित तिरपी केली आणि स्क्रीनवरचा ढीग डोळ्यांदेखत आवळत पुन्हा सुई झाला.

सुरुवातीला माझी तक्रार वेगळीच होती. दातांमधलं अंतर सुमारे १० गिगाहर्ट्झ, मिथेनच्या रेषा (ज्या ठरावीक वारंवारतांवर तो प्रकाश शोषतो त्या) हवेच्या दाबालाही त्याहून अरुंद, मग नेमकी रेषा दोन दातांच्या फटीत पडली तर? ती तक्रार मागे घेतो. करंट थोडा थोडा बदलत दात सरकवले की फटी भरतात. वेळ लागतो, पण अचाट वेगाची मला गरजही नव्हती.

खरा आनंद ७.८ मायक्रॉनच्या आसपास मिळाला. मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि पाण्याची वाफ एकाच पट्ट्यात. दमट दिवशी वाफेच्या रेषा मिथेनला चिकटतात, तरी एवढा रुंद पट्टा हाती असल्याने फिटमध्ये, म्हणजे मोजलेल्या आलेखावर गणिती आलेख जुळवताना, दोन्ही नीट सुटे होतात. एकाच रेषेवर चालणाऱ्या जुन्या लेसरने मला इथेच फसवलं होतं. शिवाय एफटीआयआर या नेहमीच्या अवरक्त वर्णपटमापकासारखा सरकता आरसा नाही, त्यामुळे टेबल हललं तरी फारसं बिघडत नाही.

'कॉम्पॅक्ट' हा शब्द मात्र खटकतो. चिप काही मिलिमीटरची, पण ती थंड ठेवणारा चिलरच अर्धं टेबल खातो.

खिडकी त्यांच्या खर्चाने बदलून मागितली आहे. तोवर पत्रा तिथेच.